टँकर उलटला, पण माल कोणाचा होता?

टँकर उलटल्याची बातमी आपल्याकडे एका ठरलेल्या वाक्यावर येऊन थांबते: ‘चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटल्याने हा अपघात झाला.’ त्यानंतर रस्ता किती तास बंद होता, क्रेन कुठून मागवल्या, वाहतूक कुठल्या मार्गाने वळवली, हे तपशील येतात. टँकरमध्ये काय होतं हे ‘ज्वलनशील रसायन’ या दोन शब्दांत उरकलं जातं. ते कुणी भरलं, कुठल्या कारखान्यातून निघालं, कुणाकडे चाललं होतं, हे वाचकाला कळतच नाही. मग चर्चा सुरू होते ती चालकाची. प्यायला होता का, डुलकी लागली होती का, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घाट उतरत होता का. रस्ता सुरक्षा सप्ताहातली भाषणं घ्या किंवा वाहिन्यांवरच्या चर्चा घ्या, सूर एकच असतो: नियम चांगले आहेत, रस्ते सुधारलेत, आता चालकांना शिस्त लागली की झालं.

हे म्हणणं खोडून काढायला हवं असं मला वाटतं, कारण त्याच्या आडोशाला वर्षानुवर्षं खरे जबाबदार लोक बसून आहेत.

चालक चुकतात हे मी नाकारत नाही. दारू पिऊन स्टिअरिंगवर बसणारे आहेत, मोबाइल कानाला लावून वळण घेणारेही आहेत. अशांचा परवाना काढून घ्यावा, त्यांना शिक्षाही व्हावी. माझं भांडण त्यापुढच्या पायरीशी आहे. टँकर उलटणं ही एक घटना. आणि त्यातल्या मालाने माणसं जाळणं, श्वास कोंडणं, विहीर नासवणं ही दुसरी. पहिलीत चालकाचा हात असू शकतो. दुसरीचा बराचसा निकाल टँकर कारखान्याच्या गेटबाहेर पडतानाच लागलेला असतो. माल कुठल्या टाकीत भरला, किती भरला, व्हॉल्व्हला संरक्षण होतं का, चालकाला काय सांगितलं, कुठल्या वेळी आणि कुठल्या रस्त्याने पाठवला, यातला क्वचितच एखादा निर्णय चालकाच्या हातात असतो. तरी फिर्यादीत नाव बहुतेक वेळा एकट्या त्याचंच असतं. तो अपघातात गेला असला तरी गुन्हा त्याच्यावरच नोंदवायचा आणि आरोपी मयत म्हणून प्रकरण मिटवायचं, हेही आपल्याकडे सर्रास चालतं.

१३ जून २०२३ ला मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळच्या कुणे पुलावर मिथेनॉलचा टँकर उलटला आणि पेटला. जळता द्रव पुलावरून खाली सांडला. खालच्या रस्त्यावर नेहमीची ये-जा चालू होती. या अपघातात चार जीव गेले आणि मृतांमध्ये पुलाखालून जाणारी माणसंही होती. ती द्रुतगती मार्गावर नव्हती, त्यांनी टँकरला ओव्हरटेक केलं नव्हतं, गर्दी करून बघत उभीही नव्हती. आपल्या वाटेने चाललेल्या माणसांच्या अंगावर वरून आग पडली.

आता या घटनेचं कारण ‘नियंत्रण सुटलं’ एवढंच सांगणार का? पुलावर सांडलेला द्रव उताराने वाहणार आणि कठड्याच्या फटींतून खाली जाणार, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. या मार्गाने ज्वलनशील द्रवांचे टँकर रोज जाणार हेही पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मग वस्तीवरून जाणाऱ्या पुलांवर सांडलेला माल अडवण्याची सोय का नाही? हा प्रश्न रस्ता बांधणाऱ्यांना विचारायचा. आणि मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यावर साधा फेस टिकत नाही, अल्कोहोलला दाद न देणारा खास फेस लागतो, ही माहिती पहिल्या बंबावरच्या जवानाला मिनिटाभरात कशी मिळायची? हा प्रश्न माल पाठवणाऱ्याला विचारायचा. दोन्हींचं उत्तर चालकाच्या शिस्तीत सापडत नाही.

जयपूरचा अपघात तर ‘नियंत्रण सुटलं’ या स्पष्टीकरणाला सरळ छेद देतो. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे अजमेर रस्त्यावर भांक्रोटा इथे एलपीजीचा टँकर वळत होता आणि समोरून आलेल्या ट्रकने त्याला धडक दिली. टँकरचे व्हॉल्व्ह तुटले, गॅस रस्ताभर पसरला आणि पेटला. आसपासच्या गाड्या आणि एक प्रवासी बस त्यात सापडली. मृतांची संख्या वीसच्या आसपास गेली. द्रवरूप एलपीजी बाहेर पडला की अडीचशे पटींहून अधिक फुगतो, हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकत जातो आणि पहिल्या ठिणगीला पेट घेतो. एका धडकेत व्हॉल्व्ह तुटतात तर त्यांना पुरेसं संरक्षण का नव्हतं? वेगाने वाहणाऱ्या महामार्गावर अवजड टँकरला असं वळावं लागतं, ती जागा कुणी ठरवली? कन्नूरजवळच्या चाला इथे ऑगस्ट २०१२ मध्ये एलपीजीचा टँकर दुभाजकावर आदळून वीस जण गेले होते. तेव्हाही हेच प्रश्न होते.

‘नियम चांगले आहेत’ म्हणणाऱ्यांनी ते नियम एकदा वाचावेत. मी वाचले आहेत, आणि त्यांच्याइतकं माझ्या बाजूने दुसरं काहीच बोलत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये धोकादायक मालासाठी १२९ ते १३७ असे नियम आहेत. त्यातला १३१ वा नियम माल पाठवणाऱ्याची जबाबदारी सांगतो आणि त्याची भाषा अगदी स्पष्ट आहे. गाडीची नोंदणी त्या मालासाठी वैध आहे ना, गाडीत प्रथमोपचार, सुरक्षेची साधनं आणि लागेल तो उतारा आहे ना, वाहतूकदाराला मालाची पूर्ण माहिती दिली आहे ना, आणि चालक तो धोका हाताळायला शिकलेला आहे ना, हे सगळं बघायचं काम माल पाठवणाऱ्याचं. दिलेली माहिती अचूक आणि पुरेशी असल्याची खात्री करणंही त्याचंच. चालकाची पाळी १३३ व्या नियमात येते, गाडीमालकाच्याही नंतर. नियम करणाऱ्यांनी जबाबदारीची उतरंड विचार करून लावलेली आहे. आपण गुन्हा नोंदवताना ती उलटी धरतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० चं तिसरं पोटकलमही बघा. धोकादायक मालाच्या वाहतुकीचे नियम मोडून गाडी जो चालवतो, त्याच्याबरोबर जो चालवायला लावतो आणि जो चालवू देतो, तोही शिक्षेला पात्र आहे. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा वर्षापर्यंत कैद. कारखान्याच्या गेटवरच्या माणसाला आणि त्याच्या साहेबाला गुन्ह्यात घ्यायला नवा कायदा करायची गरज नाही. आहे तो वापरायची इच्छा हवी.

मुंबई–अहमदाबाद महामार्गावर मनोरच्या अलीकडे-पलीकडे ढाब्यांच्या मागे दुपारी टँकर विसावलेले असतात. अंकलेश्वर, वापी, तारापूरचा माल मुंबईकडे, पनवेलकडे, पुढे पुण्याकडे निघालेला असतो. तिथे मी टँकरच्या पाठीवरचे फलक वाचत हिंडलो आहे. नियमाप्रमाणे तिथे मालाचं नेमकं नाव, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला चार आकडी क्रमांक, धोक्याची चौकट, आग लागल्यास काय वापरायचं त्याचा संकेत आणि तातडीचा फोन नंबर ठळक दिसायला हवा. एका टँकरवर जुना क्रमांक पुसून त्याच्यावर नवा रंगवला होता, तरी जुन्यातले दोन आकडे खालून डोकावत होते. फोन नंबरची चिकटपट्टी कोपऱ्यातून सोलली होती आणि शेवटचे आकडे तिच्याबरोबर गेले होते. बाकीच्यावर चाकांनी उडवलेला चिखल. चालक आष्टीकडचा, पोरगेलासा. “दादा, माल काय आहे?” विचारलं तर म्हणाला, “सॉल्व्हंट.” कुठलं सॉल्व्हंट, तर “बिल्टीवर असेल ना सर.” त्याने सीटमागची फाइल काढली. पीयूसी, फिटनेस, विमा, टॅक्सची पावती, सगळं जागच्या जागी. तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही होतं. धोका झाला तर काय करायचं ते सांगणारं ट्रेम कार्ड प्लास्टिकमध्ये घातलेलं, आख्खं इंग्रजीत, आणि बिल्टीवर होतं त्याहून वेगळ्या रसायनाचं. गेल्या खेपेचं तसंच राहिलं असावं.

तो पोरगा बेफिकीर नव्हता. टायर त्याने माझ्यादेखत हातोडीने ठोकून पाहिले, मॅनहोलचं झाकण वर चढून तपासलं. त्याला शिकवलं होतं तेवढं तो मन लावून करत होता. भरलेलं रसायन अंगावर उडालं तर पाणी ओतायचं की नाही, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. ओलियम किंवा क्लोरोसल्फॉनिक ॲसिड सांडलं आणि भाबडेपणाने त्यावर पाणी मारलं तर पांढरे दाहक लोट उठतात. डिझेलच्या आगीवर पाणी मारलं तर जळतं डिझेल पाण्यावर तरंगत पुढे जातं. टँकरमागचा फलक वाचता आला नाही तर सगळ्यात आधी पोचणारा माणूस, म्हणजे वाहतूक हवालदार, गावचा पोलीस पाटील नाहीतर जवळच्या वस्तीवरची पोरं, आंधळेपणाने पुढे जातो. अशा वेळी ‘लोकच बघायला गर्दी करतात’ हा आरोप करणाऱ्यांनी आधी फलक स्वच्छ पुसून द्यावा आणि त्यावर मराठीत एक ओळ लिहावी: जवळ येऊ नका, वाऱ्याच्या उलट दिशेला सरका.

न्यूट्रलचं घ्या. बोरघाटात, कसाऱ्यात चालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, मग नुसत्या ब्रेकवर भार येतो, ब्रेक तापतात आणि निकामी होतात. हे खरं आहे आणि भयंकर आहे. पण चालक असं का करतो? अनेक ठिकाणी एका खेपेला किती डिझेल ते आधीच ठरवून दिलेलं असतं. कमी पडलं तर त्याच्या खिशातून, उरलं तर त्याचं. भाडं खेपेवर, भत्ता खेपेवर. कारखान्याच्या दारात लोडिंगसाठी रात्रभर ताटकळायचं त्याचे पैसे नाहीत, पण माल पोचवायची वेळ हलत नाही. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच लिहिली होती. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारा हात चालकाचा असला तरी त्यामागचा हिशेब मालकाच्या ऑफिसात मांडलेला आहे, आणि त्या मालकाला सगळ्यात स्वस्त भाड्यावर काम दिलेलं आहे कारखान्याच्या खरेदी विभागाने. अर्धवट भरलेल्या टँकरमध्ये द्रव वळणावर एका अंगाला लोटतो आणि गाडीला घेऊन कलंडतो. ते अर्धवट भरणंही गेटच्या आत होतं.

उद्योगांकडून यावर एक ठरलेलं उत्तर येतं. माल ‘एक्स-फॅक्टरी’ विकलेला असतो, टँकर खरेदीदाराने पाठवलेला असतो, गेट ओलांडलं की आमचा संबंध संपला. विक्रेता आणि खरेदीदार यांच्यात पैशाचा धोका कुणाकडे, हे ठरवायला अशी अट ठीक आहे. पण कुणे पुलाखालून जाणारी माणसं त्या करारात कुठे होती? त्यांच्या जिवाची जबाबदारी दोघांनी आपसात एकमेकांच्या गळ्यात टाकायची आणि शेवटी ती आष्टीच्या पोराच्या गळ्यात पडायची, हे कुठल्या न्यायाने? सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या ओलियम गळतीच्या खटल्यात, एम. सी. मेहता प्रकरणात, १९८६ मध्ये सांगितलं की धोकादायक व्यवसायातून नफा मिळवणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण आहे, तिला अपवाद नाहीत. तो खटला कारखान्यातल्या गळतीचा होता. तेच ओलियम चाकांवर चढलं म्हणून कमी जहाल होत नाही आणि त्यावर कमावलेला नफाही दुसऱ्याचा होत नाही.

महाराष्ट्रात यापुढची एक धमकी हमखास ऐकू येते: फार कडक झालात तर उद्योग गुजरातला जातील. पण मोटार वाहन नियम केंद्राचे आहेत, वापीला जे लागू तेच महाडला. आणि गुजरातमध्ये काय चाललं आहे? ६ जानेवारी २०२२ ला सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरने टाकाऊ रसायन गटारात सोडलं, विषारी वायू उठला आणि शेजारच्या गिरणीतले सहा कामगार मेले. ज्या पोकळ नियमनाच्या ओढीने उद्योग पळतील म्हणून आपल्याला घाबरवलं जातं, त्याची किंमत तिथल्या कामगारांनी मोजली आहे.

माल पाठवणाऱ्याला आरोपी करणं ही जगावेगळी कल्पना असल्याचं कुणी म्हणेल, तर स्पेनमधली घटना आठवावी. ११ जुलै १९७८ ला भूमध्य समुद्राच्या काठी लोस अल्फाकेस या सुट्टीच्या छावणीशेजारी प्रोपिलीनचा टँकर फुटला. दोनशेहून अधिक माणसं गेली, बहुतेक तंबूंत उतरलेले पर्यटक. टँकरमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माल भरला होता. टाकीला दाब सोडणारा व्हॉल्व्ह नव्हता. टोलचा महामार्ग सोडून किनाऱ्याच्या वस्तीतला रस्ता धरला होता. चालक तर जागीच गेला होता, त्याच्यावर सगळं ढकलून मोकळं होणं सोपं होतं. पण तिथल्या न्यायालयाने माल भरणाऱ्या आणि वाहून नेणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या माणसांना दोषी ठरवलं. शिक्षा पुढे सौम्य झाल्या, पण तपास गेटच्या आत गेला. आपल्याकडे तो क्वचितच टायरच्या खुणांपुढे जातो.

दिवसा घाटात टँकर बंद करा, ही मागणीही दर मोठ्या अपघातानंतर होते. अशा बंदीने माल कमी होत नाही, तो रात्री जातो, म्हणजे झोपेच्या वेळी, आणि मुख्य रस्ता बंद केला की जुन्या रस्त्याने गावांच्या मधून. वेळा जरूर ठरवाव्यात, पण कुठल्या मालासाठी आणि कुठल्या पट्ट्यात ते बघून. सप्टेंबर २०२२ मध्ये मुंबई–गोवा महामार्गावर लांज्याजवळ आंजणारीच्या पुलावरून एलपीजीचा टँकर काजळी नदीत कोसळला, चालक गेला आणि महामार्ग बंद ठेवावा लागला. जयगडकडून येणारी गॅसची वाहतूक याच अरुंद, वळणांच्या रस्त्यावर रोज ओतली जाते. तिथला प्रश्न घड्याळाने सुटणार नाही.

आग आणि मृत्यू बातमीत येतात. जमिनीत मुरलेला माल येत नाही. ॲसिडचा टँकर कलंडला की पंप लावून रस्ता धुतला जातो, वाहतूक सुरू होते आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. ते पाणी गटारातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत किंवा शेतकऱ्याच्या विहिरीत गेलेलं असतं. चुना किंवा सोडा ॲश टाकून ॲसिड आधी मारायचं, माती बांधून प्रवाह अडवायचा, नासलेली माती उचलून न्यायची, या गोष्टींना वेळ लागतो आणि रस्ता मोकळा करायच्या घाईत त्या राहून जातात. भाताच्या खाचरात पुढच्या वर्षी पीक का आलं नाही, हे विचारायला त्या शेतकऱ्याने कुणाच्या दारात जायचं?

त्याच्यासाठी कायदा आहे, फक्त त्याला तो कुणी सांगत नाही. सार्वजनिक दायित्व विमा कायदा १९९१ भोपाळनंतर आला. त्यात धोकादायक पदार्थ ‘हाताळण्या’च्या व्याख्येत वाहनाने केलेली वाहतूक स्पष्ट घातलेली आहे. ज्याच्या मालकीचा किंवा ताब्यातला तो पदार्थ आहे त्याने विमा काढायचा, आणि अपघात झाला तर कुणाची चूक हे सिद्ध न करता पीडिताला मदत मिळायची. मृत्यूसाठी मूळ कायद्यातली मदत २५ हजार रुपये होती. तो आकडा तीन दशकं कुणाला लाजिरवाणा वाटला नाही, यावरून या विषयाकडे आपलं किती लक्ष आहे ते दिसतं. शिवाय कायदा लागू व्हायला पदार्थाचं ठरावीक प्रमाण लागतं. ही अट कारखान्यातल्या साठ्याकडे बघून घातल्यासारखी वाटते. वस्तीतून जाणाऱ्या एका टँकरसाठी प्रमाण वेगळं आणि कमी ठरवायला हवं.

पण आहे त्या कायद्यातही एक तरतूद आहे, आणि ती जिल्हाधिकाऱ्यांना बांधून ठेवणारी आहे. अपघात झाल्याचं कळताच त्याची खातरजमा करायची आणि लोकांनी मदतीसाठी अर्ज करावेत म्हणून जाहीर प्रसिद्धी द्यायची, हे काम कलम ५ ने त्यांच्यावर सोपवलं आहे. अर्ज करायला अपघातापासून पाच वर्षांची मुदत आहे. रायगड, पालघर, रत्नागिरी, पुणे या चार जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी गेल्या पाच वर्षांतल्या प्रत्येक रासायनिक टँकरच्या अपघातात ही प्रसिद्धी दिली का, किती अर्ज आले, मालाचा मालक म्हणून कुणाला नोटीस गेली आणि १३१ व्या नियमाखाली किती माल पाठवणाऱ्यांवर गुन्हे नोंदले, हे त्यांनी नावांसकट जाहीर करावं. या जिल्ह्यांतल्या ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत टँकर सांडला आहे, त्यांनी पुढच्या ग्रामसभेत ठराव करून ही माहिती लेखी मागावी, आणि ज्यांची पाच वर्षं अजून उलटलेली नाहीत अशा घरांचे अर्ज त्याच सभेत भरून घ्यावेत.